उसाच्या चिपाडाचे ब्रेक पॅड बनतील, पण ते तुम्ही विकावेत का?

तुमचा प्रश्न मी जसा वाचला तसा आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वाळवा तालुक्यातले, डिप्लोमा मेकॅनिकल झालेले. आजूबाजूला साखर कारखाने असल्याने बगॅस म्हणजे उसाचं चिपाड आणि बॉयलरची राख हाताशी आहे, मिरजेच्या एका भंगारवाल्याकडून जुन्या टायरचा चुरा मिळतो. ७० टक्के बगॅस आणि ३० टक्के रेझिन (तापवून घट्ट होणारी राळ) घेऊन अ‍ॅस्बेस्टॉसविरहित ब्रेक पॅड बनवल्याचा एक शोधनिबंध तुम्ही वाचलात. तेच पॅड दुचाकी आणि कारसाठी बनवून विकायचं मनात आहे. तुम्हाला फॉर्म्युला हवा आहे आणि भांडवलाचा अंदाज.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत लायनर (ड्रम ब्रेकच्या शूवर बसणारं घर्षणाचं अस्तर) आणि पॅडच्याच कामात आयुष्य काढलं. त्या जोरावर सांगतो, फॉर्म्युला ही तुमची खरी अडचण नाही. खरी अडचण अशी, की जो माल दर ट्रॉलीला वेगळा येतो त्यातून दर वेळी सारखाच थांबणारा पॅड काढायचा कसा. उत्तर बरंचसं गाडी कोणती, ब्रेक ड्रमचा की डिस्कचा, रस्ता सपाटीचा की घाटाचा यावर ठरतं. त्यामुळे मी टक्केवारी देण्याऐवजी विचार कसा करायचा ते सांगतो.

अ‍ॅस्बेस्टॉस इतकी वर्षं का टिकला ते आधी समजून घ्या. तो तंतू होता म्हणून पॅडला बळकटी द्यायचा, खनिज होता म्हणून उष्णतेला दाद द्यायचा नाही, रेझिन धरून ठेवायचा, घर्षण बऱ्यापैकी स्थिर ठेवायचा, आणि वर स्वस्त. एकाच पोत्यात पाच कामं. पण त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुतून बसतात आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) असे आजार अनेक वर्षांनी वर येतात. युरोपीय संघात २००५पासून त्याच्या वापरावर बंदी आहे, अमेरिकेने मार्च २०२४मध्ये क्रायसोटाइल या त्याच्या प्रकारावर बंदीचा नियम काढला. त्याची जागा एका पदार्थाने घेतलेली नाही, हे लक्षात ठेवा. आजच्या पॅडमध्ये दहा-पंधरा, कधी वीसच्या वर घटक असतात. फिनॉलिक रेझिन बांधून ठेवतं. अ‍ॅरामिड, स्टील वूल, रॉकवूल असे तंतू ताकद देतात. ग्रॅफाइट घसरण सांभाळतं, अ‍ॅल्युमिना किंवा झिरकॉनसारखी कठीण पूड डिस्कवरचा थर खरवडून पकड ठेवते, रबर आणि काजूची पावडर आवाज व कंप दाबते, आणि उरलेली जागा बराइट, चुना, वर्मिक्युलाइट अशी खनिजं भरून काढतात. तुम्ही आणणार तो कचरा यातलं कोणतं काम करणार, हा पहिला प्रश्न. 'किती टक्के कचरा खपवता येईल' या टोकाने सुरुवात केलीत तर फसाल.

काजूचंच घ्या. काजूच्या टरफलात जे तिखट, कातडी भाजणारं तेल असतं, त्यातल्या कार्डेनॉलपासून बनवलेली पावडर हा धंदा कित्येक दशकं वापरतोय. तिला आम्ही नुसतं 'फ्रिक्शन डस्ट' म्हणतो. आजऱ्या-चंदगडकडचा आणि कोकणातला काजू फोडल्यावर उरणारा हा कचराच. पण तो थेट पॅडमध्ये जात नाही. तेल काढतात, शुद्ध करतात, त्याचं राळेसारखं घट्ट पॉलिमर करतात, दळतात, चाळतात, मग ठरलेल्या मेशचं (चाळणीच्या मापाचं) पोतं येतं. पोत्यावर कचऱ्याचा भाव नसतो. टाकाऊ मालाचा ब्रेकमध्ये यशस्वी वापर कसा दिसतो ते बघायचं असेल तर हे उदाहरण बघा. आता बगॅसशी ताडून पाहा.

बगॅस हा कारखान्यासाठी कचरा राहिलेला नाही. तो बॉयलरमध्ये जातो, सहवीजनिर्मिती होते, कागद कारखाने घेतात. गुऱ्हाळातली चिपाडंही काहिलीखाली जळतात. तुम्हाला आज स्वस्त मिळतोय म्हणून दोन वर्षांनी मिळेलच असं नाही, आणि गळीत हंगाम संपला की ताजा माल बंद. मिलमधून निघताना त्यात निम्मं पाणी असतं, थोडी साखर राहिलेली असते, बाहेरचा तंतू आणि आतला गाभा यांचा स्वभाव वेगळा असतो. धुऊन, वाळवून, गाभा वेगळा काढून, दळून वापरायचा म्हटलं तर त्याची स्वस्ताई तिथेच बरीचशी संपते. न धुता, नीट न वाळवता वापरलात तर हॉट प्रेसमध्ये १५० अंशांना पाण्याची वाफ होते. रेझिन पक्कं करणाऱ्या हेक्सा या रसायनामुळे अमोनिया सुटतोच, त्यासाठी प्रेस मधेमधे उघडून हवा सोडतात. त्यात ही वाफ मिळाली की पॅडला फोड येतात, कधी आत पोकळी राहते. फोड दिसतो तरी. पोकळी दिसत नाही.

पण माझा मोठा आक्षेप उष्णतेचा आहे. तुम्ही वाचलेल्या निबंधासारखं काम नायजेरियातल्या संशोधकांनी बरंच केलं आहे: चिपाड, पाम फळाची कवचं, नारळाची करवंटी. काम प्रामाणिक आहे, दिशा म्हणून उपयोगी आहे. पण अशा निबंधांत झीज बहुतेकदा पिन-ऑन-डिस्क यंत्रावर, म्हणजे फिरत्या तबकडीवर नमुन्याची कांडी घासून, मोजलेली असते. छोटा नमुना, हलका भार, तापमान फारसं वर जात नाही. त्या स्थितीत चिपाड छानच वागतं. आता पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला येणारी, माणसांसह दीड टनाची कार घ्या. उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार करा, ८० लाख ज्यूल येतात. एवढ्या उष्णतेत २५ लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल. थोडी ऊर्जा हवा खाते, खालच्या गिअरमध्ये असाल तर बरीच इंजिन खातं. पण न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे बहाद्दर आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांची जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये, त्यातही बहुतांश पुढच्या दोन चाकांत जाते. पॅडचा पृष्ठभाग तीनशे अंशांच्या पुढे सहज जातो. चिपाडातला हेमिसेल्युलोज सव्वादोनशेच्या पुढे तुटायला लागतो, सेल्युलोज तीनशेच्या वर. त्यातून निघणारा वायू पॅड आणि डिस्क यांच्या मध्ये अडकतो आणि घर्षण कोसळतं. यालाच फेड म्हणतात. पेडल कडक लागतं, पाय जीव खाऊन दाबतो, आणि गाडी थांबत नाही.

(जाता जाता, पेडल स्पंजासारखं खाली गेलं तर तो फेड नव्हे, ब्रेक ऑइल उकळलं आहे. डॉट ३ ऑइल कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर त्याच्या बरंच आधी. गॅरेजमध्ये या दोन्हींत नेहमी गल्लत होते आणि बिचारे पॅड बदलले जातात.)

म्हणून चाचणी कोणत्या यंत्रावर केली ते आधी विचारा. आमच्याकडे प्राथमिक चाळणी चेस यंत्रावर होते, एसएई या अमेरिकी वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे६६१ पद्धतीने. इंचभर चौरसाचा तुकडा ड्रमवर घासत आधी २८९ आणि मग ३४५ अंशांपर्यंत नेतात, मग थंड करून घर्षण परत येतं का बघतात. पॅडच्या कडेला 'एफएफ', 'जीएफ' अशी दोन अक्षरं छापलेली असतात ना, ती याच चाचणीतून येतात. पहिलं अक्षर सामान्य तापमानाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. चिपाड जास्त असलेले नमुने पहिल्या अक्षराला उत्तीर्ण होतात आणि दुसऱ्याला मान टाकतात. आणि चेसवर पास झालं म्हणजे गाडीला लावायला मोकळे, असंही नाही. पुढे डायनॅमोमीटर या चाचणीयंत्रावर पूर्ण आकाराचा ब्रेक, मग प्रत्यक्ष गाडी. मागच्या लोखंडी पट्टीवरून, म्हणजे बॅक प्लेटवरून, पॅड सुटू नये यासाठी शिअर (आडवा जोर लावून पाहायची) चाचणी वेगळी; युरोपच्या आर९० नियमात डिस्क पॅडला चौरस सेंटीमीटरला किमान २५० न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलो भार सोसावा लागतो.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी नव्या माणसाला कोणी सांगत नाही. घटक वजनाने तोलतात, पण पॅडमध्ये ते आकारमानाने वागतात. बराइटची घनता ४.४च्या आसपास. १०० ग्रॅम बराइट काढलंत तर सुमारे २३ घन सेंटीमीटर जागा रिकामी होते. तिथे १०० ग्रॅम चिपाडाची पूड घातलीत तर ती ७० घन सेंटीमीटरच्या आसपास जागा मागते. रेझिन मात्र तेवढंच. पीठ तिप्पट घेतलं आणि पाणी तेवढंच ठेवलं तर भाकरी थापताना तडकणार, तसा पॅड कडेला भुगा होतो. मग लोक रेझिन ३० टक्क्यांवर नेतात. चालू पॅडमध्ये ते साधारण १० ते १५ टक्के असतं, कारण तापल्यावर रेझिनही वायू सोडतं. म्हणजे फेडचं एक कारण टाळण्याऐवजी तुम्ही दुसरं वाढवलंत. कोणताही बदल करताना कागदावर आधी आकारमानाचा ताळेबंद मांडा, मगच तराजूकडे जा.

टायरचा चुरा मात्र मला आवडतो. रबर पॅडला किंचित दबण्याची क्षमता देतं, करकर कमी होते. चांगला चुरा, म्हणजे तार आणि नायलॉनची कापूसधाग्यासारखी लव काढलेला, ठरलेल्या मेशचा, थोड्या प्रमाणात खुशाल वापरावा. मी पाच टक्क्यांच्या आसपास थांबतो. त्यापुढे गरम झाल्यावर वास, धूर आणि पुन्हा फेड. तुमच्या भंगारवाल्याचा चुरा लोहचुंबकाखालून फिरवा आणि चुंबकाला काय चिकटतं ते बघा. एक बारीक तार डिस्कवर गोल रेघ ओढायला पुरते.

कुपवाड, मिरज, किर्लोस्करवाडी या पट्ट्यात बिडाच्या कास्टिंगचं मशीनिंग भरपूर आहे, तेव्हा बिडाचा चुरा हा तुमच्यासाठी बगॅसपेक्षा जवळचा माल. लोखंडाची पूड पॅडमध्ये तशीही वापरतात. अडचण कूलंटच्या, म्हणजे मशीनिंग करताना थंडाव्यासाठी सोडतात त्या तेलाची. तेलकट चुरा थेट मिक्सरमध्ये गेला तर रेझिन धरत नाही आणि घर्षणही घसरतं. धुऊन किंवा भाजून तेल काढावं लागतं, लगेच वापरला नाही तर गंज चढतो. आणि धातू वाढवला की पॅड उष्णता आत पोचवायला लागतो, तिथून पिस्टनला, पिस्टनपासून ऑइलला. वर कंसात लिहिलेली अडचण अशीही ओढवते. पितळ-तांब्याच्या चुऱ्याचा मोह होईल, पण पुढे निर्यातीचं स्वप्न असेल तर तो आत्ताच सोडा. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांत २०२५पासून पॅडमधलं तांबं अर्ध्या टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं, कारण ब्रेकची धूळ नाल्यातून पाण्यात जाऊन माशांना बाधते.

विट्याच्या यंत्रमागांवरच्या सुताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी कोणी तरी सुचवेलच. सुती असेल तर मिश्रण धरून ठेवायला थोडं चालतं. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर नको, ते २५० ते २६० अंशांत वितळतं.

राख. इथे जरा थांबतो, कारण खरा कचरा हाच आहे आणि कारखान्यांना तो नकोसा झालेला असतो. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर. ती बारीक चाळून, न जळलेला कोळसा काढून, बराइटच्या काही भागाऐवजी किंवा सौम्य अपघर्षक म्हणून वापरता येते. औष्णिक केंद्राच्या फ्लाय अ‍ॅशवरही असं काम झालेलं आहे. पण कारखान्याची राख म्हणजे एक वस्तू नव्हे. यंत्राने तोडलेल्या उसाबरोबर माती जास्त येते, ती राखेत उतरते. हंगामाच्या शेवटी बॉयलरमध्ये बगॅससोबत आणखी काही जाळलं तर राख बदलते. चाळणीवर राहिलेला एक वाळूचा कण डिस्क खरवडतो आणि शिट्टीही वाजवतो. आम्ही राखेचा प्रत्येक लॉट भट्टीत जाळून वजनातली घट बघायचो, ओल बघायचो, कणांचा आकार बघायचो. तीन लॉट सलग जुळले नाहीत तर पुरवठादाराला नकार. अशा मालाला सात-आठ टक्क्यांपासून सुरुवात करावी, तीही इतर कठीण पूड तेवढी कमी करूनच.

आणि राखेतली स्फटिक सिलिका श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. तांदळाच्या तुसाची राख फार तापवून जाळली की तिच्यातही ती तयार होते. अ‍ॅस्बेस्टॉस नाही म्हणून माल निरुपद्रवी, असं मुळीच समजू नका. पॅड घासून मापात आणताना धुरळा उठतो, आणि तिथे उभा राहणारा मुलगा तुमच्याच गावचा असणार. नाकाला रुमाल हा उपाय नव्हे. यंत्राच्या तोंडाशी धूळ ओढणारी नळी, पुढे बॅग फिल्टर, आणि योग्य मास्क. भांडवलाचा आकडा मी देत नाही, पण लोक प्रेस आणि डायचा हिशोब करतात आणि धूळ ओढायची यंत्रणा व चाचण्या 'नंतर बघू' म्हणून ठेवतात. पैसा तिथेच जातो. मिक्सर, प्रेस, ओव्हन, ग्राइंडर एकदाच घ्यायचे. चाचण्यांचा खर्च प्रत्येक बदलाला पुन्हा येतो.

आता एक कडक सूचना. स्वस्त कच्चा माल म्हणून गॅरेजमधले जुने पॅड आणि लायनर गोळा करून दळायचा विचार कोणी सुचवला तर साफ नाही म्हणा. आमच्याच शॉपमधली घासाईची पूड आम्ही थोडी परत वापरतो, कारण तिच्यात काय आहे ते आम्हाला माहीत असतं. रेझिन आधीच पक्कं झालेलं असल्याने ती फक्त भर म्हणून चालते. गॅरेजच्या ढिगात मात्र जुन्या ट्रकचे, ट्रॅक्टरचे, कुठले कुठले लायनर असतात आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तो दळलात की तुमचा 'अ‍ॅस्बेस्टॉसविरहित' माल पहिल्याच पोत्यात संपला, आणि दळणाऱ्याच्या छातीत तो गेला ते वेगळंच. याच कारणाने मेकॅनिकांना मी सांगत असतो की ड्रम उघडल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

मग तुम्ही काय करावं? माझं मत विचाराल तर कारचे पॅड आत्ता नकोत. दुचाकीच्या मागच्या ड्रमचा शू त्या मानाने सोपा, तापमान कमी, वेग कमी. पण तिथेही माणूस बसलेला असतो, आणि बाजारात आधीच इतके स्वस्त शू आहेत की भावात तुम्ही टिकणार नाही. त्यापेक्षा पॅड बनवणाऱ्यांना माल पुरवा. स्वच्छ, तारमुक्त, ठरलेल्या मेशचा टायरचा चुरा. तेल काढलेली बिडाची पूड. चाळलेली, तपासलेली राख. आम्हा लोकांना असा पुरवठादार मिळत नाही ही रडगाथा जुनी आहे. जो येतो तो पहिलं पोतं सुंदर देतो, तिसऱ्यात खडे असतात. तुमच्याकडे चुंबक, चाळण्या, ओव्हन, छोटी भट्टी आणि अचूक तराजू एवढं असलं तरी सुरुवात होते, आणि चुकलात तर पोतं परत येतं, कोणाचा ब्रेक जात नाही. शिकायची हौस म्हणून नमुन्याचे पॅड जरूर दाबा. कराड किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्राध्यापकांना भेटा, पिन-ऑन-डिस्क असेल तर झिजेची तुलना करा, आणि खरोखर काही हाती लागलं तर पुण्याला एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत पुढच्या चाचण्यांची चौकशी करा. तोवर तो पॅड स्वतःच्या गाडीलाही लावू नका.

शेवटचा तुमचा उपप्रश्न, खोक्यावर 'अ‍ॅस्बेस्टॉसविरहित' छापायला काय लागतं. तुम्ही अ‍ॅस्बेस्टॉस घातला नाही एवढं पुरत नाही. वर्मिक्युलाइट आणि टाल्क या खनिजांत तो निसर्गतःच मिसळलेला असू शकतो; अमेरिकेत मोंटानातल्या लिबी इथल्या वर्मिक्युलाइटच्या खाणीने तो धडा फार महाग शिकवला. त्यामुळे प्रत्येक खनिजाच्या पुरवठादाराकडून लेखी हमी घ्या आणि तयार मालाची प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्या. पुरवठादार बदलला की पुन्हा करा. प्रत्येक पोत्यावर लॉट नंबर आणि तारीख टाका, आणि त्या लॉटचा पावशेर नमुना बरणीत बंद करून ठेवा. तक्रार आली की पहिला प्रश्न 'कोणता लॉट' हाच असतो. सध्या राखेचे आणि टायरच्या चुऱ्याचे तीन-तीन लॉट वेगवेगळ्या आठवड्यांत घ्या, ओल, जळून होणारी घट आणि चाळणीवरचे आकडे एका कागदावर मांडा आणि मला दाखवा. बिडाच्या चुऱ्यासाठी कुपवाडची एखादी मशीन शॉप ठरवायची असेल तर ते त्यांच्या कूलंटचं नाव विचारून मगच ठरवा, कारण पाण्यात मिसळणारं असेल तर धुणं सोपं जातं.